मिस्त्रींचं न ऐकणारं पाऊल

टाइल सरकली होती. फार नाही, काडेपेटीतली काडी जेमतेम आत जाईल एवढीच. पण सरकली होती, आणि तिच्यामुळे पुढची सगळी ओळ तोंड फिरवून बसल्यासारखी दिसत होती.

"कुणी पाय लावला?" मिस्त्री गरजले.

त्या लांबरुंद दालनात त्यांच्याशिवाय एकच माणूस होता, त्यांचा धाकटा भाऊ. तो दारापाशी बादलीत माल कालवत होता. मान वर न करताच तो म्हणाला, "दादा, माझे दोन्ही पाय इथं आहेत. हवं तर येऊन बघ."

"मग काय भूत येऊन गेलं?"

"तुझ्या बुटाच्या टोकाला काय लागलंय ते बघ, म्हणजे भूत सापडेल."

मिस्त्रींनी खाली पाहिलं. उजव्या बुटाच्या टोकावर ओला माल होता. दोरी तपासायला ते नुकतेच उठले होते, ताजी ओळ ओलांडून पलीकडे गेले होते. ओलांडली असं त्यांना वाटलं होतं. पाय उचलला गेलाच नव्हता; तो फरफटत गेला होता आणि टाइलीच्या कडेला अडखळला होता. उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांच्या पायांवर आरडाओरडा केला होता. रंगाऱ्याचे पाय, सुताराचे पाय, घरमालकाच्या सासूबाईंचे पाय. आज स्वतःच्याच पायाने त्यांची ओळ मोडली.

त्यांनी टाइल उचलली, खालचा माल खरवडला, नवा टाकला, रबरी हातोड्याने टकटक करत ती पुन्हा दोरीला आणली. तोंडाने मात्र एक अक्षर नाही. धाकट्याला आरडाओरड्याची सवय होती. या गप्प बसण्याने तो घाबरला.

हे दालन वाचनालयाचं होतं. उंच खिडक्या, एका बाजूने दिवसभर ऊन, आणि मधे टेबलं येणार ती बारीक पायांची. म्हणजे फरशीला लपायला जागा नाही. मिस्त्रींनी आयुष्यभर कपाटांखालच्या, गाद्यांखालच्या, गॅसच्या ओट्याखालच्या फरश्या बसवल्या होत्या. उघडी, उन्हात पडलेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच नजरेत मावणारी फरशी त्यांना पहिल्यांदाच मिळाली होती. "ही मी एकट्याने बसवणार," असं त्यांनी घरी सांगितलं होतं. "तू फक्त माल दे," असं धाकट्याला. आणि बायकोने देवापुढे दिवा लावताना ही फरशी नीट पार पडू दे म्हणून हात जोडले होते.

पायाचं लक्षण तसं त्याच्याही आधीपासून दिसत होतं. चालताना चप्पल पायातून निसटायची. घराच्या उंबऱ्याला अंगठा ठेचकाळायचा. बायकोला तर जिन्यातल्या आवाजावरूनच शंका आली होती. नवऱ्याची पावलं तिला झोपेतही ओळखू यायची, पण हल्ली जिना चढून कुणीतरी वेगळाच माणूस यायचा. एक पाऊल नीट, एक पाऊल थप्प. ओला कपडा जमिनीवर पडावा तसं.

"अहो, तुमचा पाय आपटतो."

"बूट जड आहेत."

"तुम्ही अनवाणी आहात."

"मग फरशी जड आहे!" मिस्त्री म्हणाले आणि आत निघून गेले. थप्प, थप्प.

मग सुरू झाले घरगुती उपाय. पायात जोर नाही, म्हणजे पोटरी कमजोर झाली, असा मिस्त्रींनीच निकाल दिला. मालीशवाला आला. त्याने पोटरी कणकेसारखी मळली, दाबली, पिळली आणि सांगितलं, "पोटरी तर पहिलवानाची आहे." त्यावर मिस्त्री आणखी भडकले, कारण दुखणं असून ते सापडत नाही म्हटल्यावर माणसाला आपण खोटं बोलतोय असं वाटायला लागतं. ते चवड्यांवर जिने चढू लागले. आणि कामावर गेलं की गुडघ्याच्या पॅडचा पट्टा एक भोक जास्त घट्ट करू लागले. पायाला तेवढाच आधार.

या पॅडचंही एक कौतुकच होतं. बाजारातले पॅड काम करताना खाली घसरतात, म्हणून मिस्त्रींनी स्वतःचे पॅड स्वतः केले होते. जाड रबराची गादी आणि ट्रकच्या ट्यूबमधून कापलेला पट्टा, गुडघ्याच्या जरा खाली बांधायचा, बाहेरच्या बाजूला लोखंडी बक्कल. दिवसभर जागचा हलत नसे. धाकट्यालाही एक जोडी करून दिली होती. त्याने ती कागदात गुंडाळून ठेवली होती आणि जुन्या उशीवर गुडघे टेकून काम करत होता. "मला ते घातलं की घोड्यासारखं वाटतं," म्हणायचा.

हाडांच्या डॉक्टरांनी घोट्याचा फोटो काढला. घोटा ठणठणीत निघाला. "हा नसांचा प्रकार वाटतो," म्हणून त्यांनी नसांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं.

तिकडे जायच्या दिवशी बायकोने मिस्त्रींना कामावर जाऊच दिलं नाही. "सिमेंटचे पाय घेऊन जाणार का मोठ्या डॉक्टरांकडे? काय म्हणतील, घरात पाणी नाही?" तिने पाणी तापवलं. पाय दगडाने घासायला लावले, इस्त्रीची विजार, धुतलेले मोजे. मिस्त्री असे काही चकचकीत निघाले की धाकटा म्हणाला, "दादा, मुलगी बघायला चाललास का?"

डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण बोलणं पिकलेलं. त्यांनी आधी चवड्यांवर उभं राहायला सांगितलं. मिस्त्री राहिले, छाती काढून. मग टाचांवर. डावा चवडा वर आला; उजवा जमिनीला चिकटून राहिला.

"उचला."

"उचलतोय."

"नाही हो, उचला."

मिस्त्रींनी दात खाल्ले, मुठी आवळल्या, कानशिलं लाल केली. वरच्या सगळ्या शरीराने जोर लावला. खाली पाऊल मात्र आपलं याच्याशी काही देणंघेणं नाही अशा थाटात पडून होतं. आपण हाक मारावी आणि पोराने ऐकून न ऐकल्यासारखं करावं, तसं ते त्याच्याकडे बघत राहिले.

मग बाईंनी कापसाचा बोळा पावलावर फिरवला. तळव्याला कळत होता. वरच्या बाजूला मोज्यावरून फिरवल्यासारखा लागत होता. गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, तर पाय टुणकन उडाला.

"मी नाही उडवला," मिस्त्री घाईघाईने म्हणाले.

"माहीत आहे. ती उडी परस्पर होते, डोक्याला विचारत नाही. तुमची पोटरी चांगली आहे. ती पावलाला खाली ओढते. वर ओढायचं काम हिचं." त्यांनी नडगीच्या बाजूच्या मांसावर बोट ठेवलं. "स्नायूला ढकलता येत नाही, मिस्त्री, फक्त ओढता येतं. म्हणून देवाने सगळीकडे जोड्या ठेवल्यात. एक इकडे ओढतो, एक तिकडे."

"मग हा का ओढत नाही? झिजला?"

बाईंनी आपल्या दोन्ही हातांची बोटं समोरासमोर धरली आणि एकमेकांच्या फटीत सरकवली. "स्नायू म्हणजे धाग्यांची जुडी. बारीक धाग्यांच्या जुड्या, त्यांच्यावर वेष्टण, अशा कितीतरी जुड्या मिळून पुन्हा एक वेष्टण. आणि प्रत्येक धाग्याच्या आत असे आणखी बारीक तंतू असतात, ते एकमेकांत सरकतात. बघा, बोट एकही आखूड झालं नाही, पण दोन्ही हात जवळ आले. असं सगळं मिळून आखडतं आणि हाड ओढलं जातं. पण सरका म्हणून निरोप यावा लागतो. तो निरोप आणते नस. तो पोचतो की नाही ते आता बघू."

मशीनची परीक्षा म्हणजे विजेचे चटके. बाईंनी गुडघ्याच्या खाली एके ठिकाणी चिमटा लावला आणि बटण दाबलं. पाऊल ताडकन वर उडालं.

बायकोच्या तोंडून देवाचं नाव निघालं. मिस्त्री मात्र आनंदायचं सोडून संतापले. "बघा! मशीनचं ऐकतो! मी महिनोन्‌महिने घसा कोरडा करतोय आणि हा डब्याचं ऐकतो!"

"तुमचा निरोप त्याच्यापर्यंत येतच नाही, तो बिचारा काय ऐकणार?" बाईंनी चिमटा गुडघ्याच्या मागे, जरा वर नेला. बटण दाबलं. मिस्त्रींना झिणझिणलं, पण पाऊल ढिम्म. "कळलं? इथून खाली रस्ता चांगला आहे. इथून वर चांगला आहे. मधे, या गुडघ्याखालच्या बाहेरच्या हाडाच्या उंचवट्याशी, नस अडलीय. इथं ती अगदी कातडीखालून हाडाला वळसा घालून जाते. इथं काही लागलं होतं?"

"नाही."

"पायावर पाय टाकून तासन्‌तास बसता?"

"मला बसायला वेळ कुठं आहे!"

"इथं काही बांधता का? घट्ट?"

"मी काय बांधणार? बायकामाणसं बांधतात पैंजण-बिंजण."

बायकोनेही मान हलवली. "नाही हो, काही नाही बांधत."

बाईंनी विजार वर करून तिथली कातडी पुन्हा पाहिली. स्वच्छ, घासलेली, सुट्टीच्या दिवसाची कातडी. त्यांनी प्लास्टिकची एक पट्टी दिली, पोटरीमागून तळव्याखाली जाणारी, पाऊल लोंबू नये म्हणून. व्यायाम सांगितले. आणि निक्षून बजावलं, "उकिडवं बसणं बंद. उकिडवं बसून ही नस दबते. महिन्याने या."

मिस्त्री हेकट असले तरी दिलेला शब्द पाळणारे. त्यांनी उकिडवं बसणं खरंच बंद केलं. त्याऐवजी दिवसभर गुडघ्यांवर बसू लागले. गुडघ्यांवर बसायचं म्हणजे पॅड आले, आणि पॅड हलू नयेत म्हणून पट्टा आणखी एक भोक आत. ट्यूबवर भोक नव्हतं, ते त्यांनी खिळा तापवून पाडलं.

तो महिना घरातल्या सगळ्यांच्या लक्षात राहील. पाय सुधारायचं सोडून बिघडला. प्लास्टिकची पट्टी बुटात मावेना. बूट मोठा आणला तर तो दोरीत अडकायचा. धाकट्याने हळूहळू, न विचारता, लांब ओळी आपल्याकडे घेतल्या आणि मिस्त्रींकडे कोपऱ्यांतले तुकडे कापायचं काम आलं. कुणी तसं बोललं नाही. तेच जास्त झोंबत होतं.

संध्याकाळी खुर्चीवर बसून ते व्यायाम करायचे. म्हणजे पावलाकडे बघत "वर, वर" असं मनात म्हणायचे. समोरच बायको देवापुढे बसलेली असायची. एक दिवस त्यांचा बांध फुटला.

"तुझ्या देवाची गंमत आहे बघ. डॉक्टरीणबाई म्हणतात तीन जातींचे स्नायू असतात. एक पोटातला. तो मला न विचारता जेवण पुढे ढकलतो. एक हृदयाचा. तो जन्मल्यापासून एकसारखा चाललाय, एक दिवस रजा नाही, मी कधी चल म्हटलं नाही की थांब म्हटलं नाही. आणि एकच जात माझ्या हुकमातली ठेवली, हातापायाची. तीच नेमकी ऐकत नाही! ज्यांना मी सांगत नाही ते कामावर हजर, आणि ज्याला सांगतो तो बसलाय मख्खासारखा!"

बायकोने वात पुढे सारली. "बरं झालं हृदय तुमच्या हुकमात नाही ठेवलं. एखाद्या दिवशी त्याच्यावरही असेच ओरडला असतात आणि ते रुसून बसलं असतं."

"तुला चेष्टा सुचते!"

"चेष्टा कुठं करतेय? रोज त्याचेच आभार मानते मी. न सांगता जे चालतं त्याचे." मग म्हणाली, "आणि जे चालत नाही ते मागते. मागायला मला लाज वाटत नाही. तुम्हाला वाटते, म्हणून तुम्ही ओरडता."

मिस्त्री उठून गॅलरीत गेले. थप्प, थप्प. दार आपटायचं होतं, पण पाऊल दारात अडकलं.

महिना झाला त्या दिवशी पाणी तापवणं नाही, इस्त्री नाही. मिस्त्रींनी ठरवलंच होतं की कामावरून तडक जायचं आणि त्या बाईंना चार शब्द सुनवायचे. बायको दवाखान्याच्या बाकावर वाट बघत होती. ते समोरून सिमेंटच्या धुळीत न्हाऊन आले.

"अहो, हे काय ध्यान! गुडघ्याला पॅड तसेच?"

"असू देत. आज बघू दे त्यांना काम करणाऱ्या माणसाचा पाय कसा असतो. मी आज पाय परत करायला आलोय. ठेवून घ्या म्हणावं."

आत गेल्या गेल्या त्यांनी तोंड उघडलं. उकिडवं बसलो नाही, पट्टी घातली, व्यायाम केले, आणि पाऊल पहिल्यापेक्षा मेलेलं आहे. बाई ऐकत होत्या, पण त्यांची नजर मिस्त्रींच्या तोंडावर नव्हती.

"हे काय आहे?"

"काय?"

"गुडघ्याला."

"पॅड."

"आणि त्याच्याखाली?"

"पॅडचा पट्टा."

"मिस्त्री, मी तुम्हाला विचारलं होतं, इथं काही बांधता का म्हणून."

"अहो, पॅड म्हणजे काय बांधणं झालं?" मिस्त्री खरोखरच चकित झाले. "तुमच्या डोळ्यांवर चष्मा आहे. कुणी विचारलं डोळ्याला काय बांधता, तर तुम्ही चष्मा सांगाल?"

 बाईंनी वाकून बक्कल सोडायला हात लावला. एवढं घट्ट होतं की त्यांना सुटेना. शेवटी मिस्त्रींनीच सोडलं. विजार वर केली. कातडीवर पट्ट्याची खोल, लालसर चर पडली होती, आणि बाहेरच्या बाजूला, जिथे बक्कल बसायचं, तिथे खळगा. बाईंनी त्या खळग्यात बोट ठेवून हलकेच टिचकी मारली.

झिणझिणी सरळ अंगठ्यापर्यंत गेली. मिस्त्रींनी खुर्चीचा हात धरला.

"हीच जागा," बाई म्हणाल्या. "आणि मागच्या वेळी मीच म्हटलं उकिडवं बसू नका. मग तुम्ही काय केलंत?"

"गुडघ्यावर बसलो," मिस्त्री म्हणाले. "आणि पट्टा आवळला. पाय लटपटतो म्हणून. आधार."

 बायको त्या चरीकडे बघत होती. अंघोळीला पाणी तिने तापवलं होतं. घासायला दगड तिने दिला होता. सुट्टी घ्या म्हणून हट्ट तिचा. एक दिवस पट्टा नाही, कातडी भरून आली, आणि दाखवायची ती खूणच त्या दोघांनी घासूनपुसून दवाखान्यात आणली होती.

"तुटलीय का नस?" तिने विचारलं.

"तेव्हाच्या परीक्षेत तरी तुटलेली नव्हती. नसेवर एक आवरण असतं, विजेच्या तारेला असतं तसं; पण ते सलग नसतं, मधे मधे फटी असतात आणि निरोप एका फटीवरून दुसरीवर उड्या मारत वेगाने जातो. शेवटी नस स्नायूला चिकटत नाही, औषधाच्या थेंबासारखा एक थेंब सोडते, तेवढ्याने स्नायू जागा होतो. तुमच्या पट्ट्याने इथलं आवरण चेपलंय. निरोप इथवर येतो आणि पुढे उडी मारू शकत नाही. आवरण पुन्हा भरतं, पण त्याच्या गतीने. काही आठवडे, कदाचित काही महिने. आतला धागाही दुखावला असेल तर त्याहून जास्त. मी खात्री देत नाही."

"आणि मी काय करायचं?"

"काही बांधायचं नाही. दाबायचं नाही. वाट बघायची."

मिस्त्रींना वाटलं, यापेक्षा पाय कापा म्हणाल्या असत्या तरी बरं झालं असतं. काहीतरी करायला तरी मिळालं असतं.

घरी आल्यावर त्यांनी कात्री घेतली आणि ट्यूबच्या पट्ट्याचे तुकडे केले. मग धाकट्याच्या खोलीतून ती कागदात गुंडाळलेली जोडी आणून तिचेही केले. "अरे, माझे कशाला?" धाकटा म्हणाला. "मी तर घातलेच नाहीत."

"तू घातले नाहीस तेच बरं केलंस," मिस्त्री म्हणाले. हे बोलायला त्यांना किती कष्ट पडले ते धाकट्याला दिसलं, म्हणून त्याने घोड्याची आठवण काढली नाही.

दालनातली उरलेली फरशी धाकट्याने बसवली. मिस्त्री प्लास्टिकची पट्टी घालून खुर्चीवर बसायचे आणि बोलायचे. दोरी ओढ. माल पातळ झाला. डावी टाइल डुगडुगते, मला इथून ऐकू येतंय. धाकटा "हो दादा, हो दादा" म्हणायचा आणि आपल्या मनासारखं करायचा, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ते बरोबर असायचं. बोलण्याच्या भरात मिस्त्री पायावर पाय टाकायचे. की लगेच धाकट्याचा ओला स्पंज येऊन गुडघ्यावर आदळायचा.

"नस!"

"मोठ्या भावाला स्पंज मारतोस?"

"वहिनीने सांगितलंय. हातोडा मारायला सांगितला असता तर हातोडा मारला असता."

दालन पुरं झालं. उन्हात फरशी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच नजरेत मावत होती. लोक आले, वाकून बघितलं, धाकट्याच्या पाठीवर थाप मारली. मिस्त्री दारातच उभे राहिले. पाऊल अजून वर येत नव्हतं. आत जायचं तर ते घासत न्यावं लागलं असतं, आणि या फरशीवर कुणी पाय घासावा हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळी ते खुर्चीवर न बसता पलंगावर आडवे झाले, भिंतीकडे तोंड करून. बायको आली. "व्यायाम?"

"कशाला? फरशी झाली."

"पाय राहिलाय." तिने पाय सरळ केला, शेजारी बसली आणि नडगीच्या बाहेरच्या मांसावर, बाईंनी दाखवलं होतं तिथे, हात ठेवला. जपाला बसताना ठेवते तसा, हलका. "उचला."

"उचललं."

"उचला."

"अगं, उचलतोयच की!"

पाऊल पडलेलंच होतं. अंगठाही हलला नाही. तिने हात काढला नाही. "परत."

मिस्त्रींनी सुस्कारा टाकला आणि पुन्हा तो जुना हुकूम सोडला, ज्याचं उत्तर येईल असं त्यांनी आता धरलंच नव्हतं. आणि तिच्या बोटांखाली काहीतरी ओढलं गेलं. शिवताना सुईतला धागा कापडात अडावा आणि हाताला हिसका कळावा, तेवढंच.

 तिला वाटलं आपल्याच बोटाची नाडी असेल. "परत," ती म्हणाली. आवाज बदलला होता.

पुन्हा तो हिसका.

"अहो, हललं."

मिस्त्री ताडकन उठून बसले आणि पावलाकडे पाहिलं. "कुठं हललं? काही हललं नाही. देवाशप्पथ सांग."

"बाहेरून नाही. आतून. इथं हात ठेवा."

त्यांनी आपला राकट हात ठेवला. सिमेंटने त्यांची बोटं जाड झाली होती. त्यांना काहीच लागलं नाही. ते चिडले. तिने त्यांचा हात उलटा करून मनगटाची आतली, मऊ बाजू तिथे टेकवली, तान्ह्या बाळाच्या दुधाची ऊब बघतात तशी. "आता उचला. ओरडू नका, नुसतं सांगा."

मिस्त्रींनी सांगितलं.

बराच वेळ ते तसेच वाकून बसले. मग मान वर न करता म्हणाले, "एवढंसंच?"

"एवढंसंच."

"याने काय होणार? याने उंबरासुद्धा ओलांडता येणार नाही."

"नाहीच येणार आज."

त्यांनी मनगट काढलं नाही. "थांब," ते वैतागून म्हणाले, "परत सांगतो त्याला."